आंबिलीचं बिंदगं

सोलापूरहून येणारी मोटार संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर थांबली, तेव्हा शिपायाने शिवकांताची पिशवी उघडून पाहिली. आत पुस्तके होती आणि एका फडक्यात अर्धी शेंगापोळी.

"इतकंच?" त्याने विचारले.

"निघाले तेव्हा जास्त होतं," ती म्हणाली.

शिवकांता सोलापुरात मामाकडे राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होती. सुट्टीत नळदुर्गला घरी आली की शाळेच्या आधी ती खाण्याच्या बातम्या सांगे. साखर आता कार्डावरच मिळते. मामी ज्वारीच्या पिठात हुलग्याचे पीठ मिसळते, आणि ती भाकरी गरम आहे तोवरच बरी लागते. तिची आई मल्लम्मा हे सगळे मन लावून ऐकत असे आणि मध्येच विचारत असे, "मीठ कधी घालती ती?"

या वेळी मल्लम्माने काहीच विचारले नाही. ती तुरीच्या शेंगा सोलत राहिली.

परवा येळवस होती. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला सारे गाव आपापल्या रानात जाते. भज्जी, उंडे, खीर आणि ताकातली ज्वारीची आंबील घेऊन जायची, कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून पूजा करायची, येईल त्याला जेवू घालायचे आणि शेवटी उभ्या पिकावर आंबील शिंपायची. शिवकांताचे वडील सिद्रामप्पा यांच्या रानातली आंबील प्यायला लोक बोरी नदी ओलांडून येत. ती आंबील मल्लम्माच्या हातची असे.

"अव्वा, आंबिलीचं पीठ कुठं ठेवलंय?"

"औंदा आंबील न्हाय करायची. इरम्मा देती म्हणली गाडगंभर. शिंपण्यापुरती."

शिवकांता शेंगा सोलायला बसली. गेल्या वर्षी सहामाहीमुळे तिला येळवशीला येता आले नव्हते. पण काय झाले ते तिला कळले होते. रानात आंबील प्यायलेल्या साऱ्यांना दुपारनंतर उलट्या झाल्या होत्या. सालगडी सोमलिंगला तर बैलगाडीत घालून घरी न्यावे लागले. कोणी वाईट वाकडे बोलले नाही. पण त्यानंतर मल्लम्माने दिलेली वाटी शेजारी घेत, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत करताना चव कशी होती हे सांगत नसत. नागपंचमीला बोलावले तेव्हा तीन घरांत एकदमच ताप आला.

"लोक काय म्हणतात?"

"म्हणत कुठं काय? माझ्या हातालाच काय तरी झालंय, असं बघत्यात." मल्लम्माने हात पुढे करून पाहिले, जणू तिलाही तिथे काही दिसेल. "मलाबी तसंच वाटतंय."

"आंबील शिजवलीस कशात?"

"मोठ्या तपेल्यात. दरसालसारखी."

"आणि निवायला?"

"मातीच्या बिंदग्यात वतायची हुती, पण बिंदगं ऐन वेळी फुटलं. मग राहू दिली तपेल्यातच. सकाळपत्तोर."

शिवकांता उठली. फळीवरचे पितळी तपेले तिने खाली घेतले आणि आत पाहिले. आतून ते सोन्यासारखे पिवळे होते. जपानने मलाया घेतल्यापासून कथील येईना आणि कल्हईवाला गल्लीत फिरकेना. उरलीसुरली कल्हई मल्लम्माने गेल्या येळवशीला चिंच आणि राख लावून स्वतःच घासून काढली होती. सणाचे भांडे चकचकीत हवे म्हणून.

"अव्वा, आतून पांढरं असायला पाहिजे होतं. पिवळं दिसलं म्हणजे उघडं पितळ. आंबट त्याला खातं, आणि मग ते आंबटात उतरतं."

"ताक कळकतं, ते मला सांगती का तू?" मल्लम्मा पहिल्यांदा चिडली. "पर उकळलं होतं की मी. उकळल्यावर काय ऱ्हातंय?"

"उकळल्यावर तर लवकर उतरतं."

तिने एका पितळी वाटीत आणि एका मातीच्या पणतीत थोडे थोडे ताक घालून दोन्ही चुलीमागे झाकून ठेवले.

सकाळी पणतीतले ताक होते तसेच होते. वाटीच्या कडेला ताक टेकले होते तिथे हिरवी रेघ उमटली होती. मल्लम्माने वाटी उजेडात धरली. मग म्हणाली, "म्हंजे हात न्हाय."

"हात नाही."

"पर मग आंबील शिजवायची कशात? एवढं मोठं मातीचं भांडं जाळावर टिकायचं न्हाय. पितळेत ताक घालायचं न्हाय."

"ताक शिजवायचंच नाही. तपेल्यात नुसतं पाणी नि पीठ शिजवू. मग नव्या बिंदग्यात ओतू, आणि ताक तिथं घालू. आंबट पितळेला लागणारच नाही."

शेजारची इरम्माकाकू विस्तव न्यायला आली होती, ती दारातच थांबली. "ताकाबिगर शिजवली तर ती पेज झाली, आंबील कशी म्हणायची? सोलापुरात पेजेला आंबील म्हणत्यात का गं?"

"सोलापुरात ताकच मिळत नाही, काकू."

"मग शिकलीस काय तिथं?"

शिवकांताने आधी थोडेसे करून पाहिले. पाण्यात पीठ कालवून, सतत ढवळत शिजवले, गाडग्यात ओतले आणि वाफ असतानाच वरून ताक घातले. ताक फाटले. पाणी वेगळे, कण वेगळे. इरम्माकाकूने गाडग्यात वाकून पाहिले.

"जनावराला घाल," ती म्हणाली, आणि विस्तव घेऊन गेली.

मल्लम्माने गाडग्यात बोट बुडवले आणि पटकन काढले. "अगं, हे पोळतंय. दूध विरजताना एवढं गरम असतंय का? जे दुधाला, ते ह्याला."

शिवकांताला हे वर्गात कोणी सांगितले नव्हते, पण ऐकताक्षणी पटले. ताकात जे जिवंत असते ते इतक्या उष्णतेत जगणार नाही. दोघींनी मोठे तपेले चढवले. शिवकांता ढवळत होती, मल्लम्मा जाळ सांभाळत होती. शिजलेले पीठ बिंदग्यात ओतले. करंगळी सुखाने बुडेल इतके निवल्यावर मल्लम्माने ताक घातले, आणि मग ठेचलेले आले, लसूण, मिरची, जिरे.

"मीठ?" शिवकांताने विचारले.

"उद्या. आधी मीठ घातलं की आंबायला आळस करतंय."

थंडी कडक होती. त्यांनी बिंदगे घोंगडीत गुंडाळून कडब्याच्या गंजीत खोल बसवले.

येळवशीच्या सकाळी घोंगडी सोडली, तेव्हा आंबिलीवर बारीक बुडबुडे आले होते आणि आल्या-लसणाचा आंबूस वास परसभर पसरला. मल्लम्माने मीठ घातले, पळीभर चाखले, डोळे मिटले आणि आणखी पळीभर चाखले.

"बरी हाय का?"

"गप बस जरा," मल्लम्मा म्हणाली. ती तिसऱ्यांदा चाखत होती.

रानात ज्वारी कणसावर आली होती. सिद्रामप्पांनी पूजा केली. पंगत बसली. गल्लीतली माणसे आली होती. येळवशीला रानात जायचे टाळणे बरे दिसत नाही. भज्जी वाढली, उंडे वाढले, खीर वाढली. मग मल्लम्माने बिंदग्यावरचे फडके काढले.

कोणीच आपली मातीची वाटी पुढे केली नाही. एकाने खीर आणखी मागितली. इरम्माकाकू कणसे मोजल्यासारखी पिकाकडे पाहू लागली. सोमलिंग हळूच म्हणाला, "वैनी, माझं पोट भरलंय." त्याच्या पानावरचे उंडे अजून तसेच होते.

आधी आपणच प्यावे म्हणून शिवकांताने वाटी भरली. मल्लम्माने ती तिच्या हातातून घेतली.

त्या गल्लीत पंगत वाढणारी बाई शेवटी जेवते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण मल्लम्माने पंगतीआधी पळीभर चाखण्यापलीकडे काही तोंडात घेतलेले कोणी पाहिले नव्हते. तिने उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, वाटी तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत खाली आणली नाही. मग पदराने तोंड पुसले.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमची वाटी आणा."

सिद्रामप्पांनी वाटी पुढे केली. ते प्यायले आणि वाटी पुन्हा पुढे केली. सोमलिंगने हे पाहिले. त्याने बिंदग्याकडे पाहिले, मल्लम्माकडे पाहिले.

"म्या मेलो तर बैलांचं कोण बघणार, मालक?"

"मी बघतो. पी."

सोमलिंग प्यायला. मग वाटी बाजूला ठेवून त्याने पाण्याचा मोकळा पितळी तांब्या पुढे केला.

"त्यात न्हाय," मायलेकी एकदमच म्हणाल्या. मल्लम्माने त्याला मातीचे गाडगे दिले आणि काठोकाठ भरले. "हां, आता पी."

त्यानंतर कोणाला आग्रह करावा लागला नाही. वाट्या येत राहिल्या. नदीपलीकडची दोन घरे, नुसती डोकावायला आलेली, बसून राहिली. इरम्माकाकू सर्वांत शेवटी आली. एक वाटी प्याली, दुसरी मागितली, आणि दुसरी पिताना म्हणाली, "ताक कधी घातलं म्हणलीस, मल्लम्मा?"

"करंगळी बुडल एवढं निवल्यावर. पोरगीला इचार, ती नीट सांगंल."

पोरीने नीट सांगितले. इरम्माकाकूने ऐकताना एकदाही टोमणा मारला नाही.

ऊन कलले. सिद्रामप्पा लिंबाचा डहाळा घेऊन उठले. आता पिकाला आंबील शिंपायची होती. त्यांनी बिंदग्यात डोकावून पाहिले आणि मग बिंदगे तिरपे केले.

"शिंपायला काय ठेवलंय?"

कोणीच काही ठेवले नव्हते.

"आमच्यातली घ्या की," इरम्माकाकू म्हणाली. "गाडगंभर काढून ठेवलीय तुमच्यासाठी."

"ऱ्हावू दे, इरम्मा," मल्लम्मा म्हणाली. तिने बिंदग्यात पाणी घातले, दोन्ही हातांनी धरून चांगले घोळवले आणि नवऱ्यापुढे ठेवले. पाणी पांढुरके झाले होते आणि त्याला लसणाचा वास होता. "पिकाला एवढं बास. माणसं उपाशी हुती."