मधलं बसणं

आई गेल्यापासून बाबा दुपारी एकच पदार्थ जेवतात, मसुराचं सूप. तेही माझ्या हातचं नाही. शेगडीच्या हातचं.

शेगडी दादाने पाठवली होती. काळ्या काचेची, सपाट, विजेवर चालणारी आणि फोनमधल्या ॲपचं ऐकणारी. सुरुवातीला आईने तिला कामाला लावलंच नाही. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले. "एवढी गुळगुळीत जागा घरात दुसरी नाही," असं ती फोनवर दादाला म्हणाली होती आणि तो बराच वेळ हसत होता. पुढे तिचं हृदय थकलं, डॉक्टरांनी मीठ तोडलं, जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा कपडे उचलले गेले. त्या ॲपमध्ये ‘शिकवा’ नावाचं एक बटण आहे. ते दाबून आपण एकदा स्वयंपाक करायचा. आपण आच कधी वाढवली, कधी उतरवली, किती वेळ ठेवली, हे सगळं शेगडी लक्षात ठेवते आणि पुढे कुणीही फोनवर बोट ठेवलं की तसंच करून दाखवते. फक्त कधी काय घालायचं ते फोन सांगतो आणि माणसाने ते घालायचं. आईने शेगडीला एकच पदार्थ शिकवला. त्याला नाव दिलं, ‘रोजचं’.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी कांदा चिरला नव्हता. आता मी कांदा, गाजर चिरून ठेवते, मसूर भिजवते आणि आतल्या खोलीत माझी मुद्रितं तपासायला जाते. पुढचं ते करतात. पातेलं ठेवायचं, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि ‘रोजचं’ वर बोट टेकवायचं. मग फोन त्यांना एक प्रश्न विचारतो : या कृतीत एक रिकामा टप्पा आढळला आहे. वेळ वाचवण्यासाठी तो काढून टाकायचा का?

"नको," बाबा मोठ्याने म्हणतात आणि ‘नको’ दाबतात. "रोज विचारतो. रोज मी सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा चेहरा करून हजर."

"मग एकदाच ‘हो’ म्हणून टाका ना."

"तू तुझे कागद बघ."

मला वाटायचं, त्यांना बटणांची भीती वाटते.

सूप झालं की आम्ही समोरासमोर बसतो. पहिला चमचा घेऊन बाबा तोंड वाकडं करतात, "अळणी," म्हणतात, मिठाची बरणी ओढतात आणि वाटी संपवतात. मीही वरून मीठ घेते. संध्याकाळी ते पावाचा तुकडा दुधात बुडवतात, तोही माझ्या समाधानासाठी. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलं आहे. मी बाकी सगळं करून पाहिलं होतं. अंडी, भाजलेले बटाटे, कोपऱ्यावरच्या खाणावळीतला डबा. "छान आहे," म्हणायचे आणि ताटली हळूच पुढे सरकवायचे. दिवसभरात पोटभर जात होतं ते तेवढं सूप.

आणि एका सकाळी फोनवर निरोप आला. शेगडीची कंपनी बंद होत होती. महिनाअखेरीनंतर शेगडी बटणांवर चालू राहील, मात्र साठवलेल्या कृती मिळणार नाहीत. कंपनीला खेद होता.

मी दादाला फोन लावला.

"अगं, मग तू शीक ना," तो म्हणाला. "ॲपमध्ये आचेचा आलेख दिसतो. तो बघून कर. रॉकेट नाही उडवायचंय, मास्तरीणबाई."

"तू येऊन कर."

"मी केलं तर बाबा पावाचा तुकडाही सोडतील." मग आवाज उतरवून, "खातात ना गं ते?"

"सूप खातात."

"तेच म्हणतोय. ते जाता कामा नये."

त्या दुपारी मी आलेख उघडून बसले. आचेची रेघ डावीकडून चढत होती. खाली आईने बोटाने टाइप केलेले शब्द होते. तेल. कांदा. मग रेघ एकदम खाली पडत होती, जवळजवळ तळाला, आणि तशीच सपाट बराच वेळ सरकत होती. तिच्याखाली एक शब्दही नव्हता. मग पुन्हा ताठ वर. लसूण, गाजर. मसूर, पाणी. शेवटी, मीठ चिमूटभर.

चुका शोधणं हा माझा धंदा आहे. पानावर नको तिथे काही आलेलं दिसलं की हात आपोआप त्यावर काट मारतो. मी म्हटलं, कुणीतरी दार वाजवलं असणार, किंवा दादाचा फोन आला असणार, म्हणून आईने आच उतरवली. ते सुपात कशाला हवं? आणि खरं सांगायचं तर मला आलेखाची फारशी गरजही वाटत नव्हती. आईचं सूप मला माहीत होतं. ती शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायची. दिवसभर लांबलचक टेबलाशी उभी. घरी आली की खांद्यावरची पिशवीही न उतरवता आधी पातेलं ठेवायची. बोटांना खडूची पावडर. मोठ्या आचेवर कांदा, कडा काळपट होईपर्यंत, आणि ती त्याच्यासमोर उभी. "जरा बस ना गं," मी म्हणायचे. "बसले की उठवत नाही," ती म्हणायची.

तसंच केलं मी. मधली सपाट रेघ सोडून दिली. मीठ माझ्या अंदाजाने, म्हणजे तिच्या तेव्हाच्या अंदाजाने. घरभर तोच वास सुटला. मी शाळेतून येऊन दारात चपला काढायचे तेव्हाचा. माझे डोळे भरून आले आणि थोडा गर्वही वाटला.

बाबांनी चमचा तोंडात घेतला आणि खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

"वा," ते म्हणाले. "हे तुझ्या शाळेतलं."

"म्हणजे?"

"तू शाळेत होतीस तेव्हा असंच करायची ती. जरा जळका कांदा. बरोब्बर."

"मग खा ना."

"खातोय की." दोन-तीन चमचे खाल्ले. मिठाच्या बरणीला हात लावला नाही. "छान झालंय. उरलेलं रात्री खातो." रात्री ते पावाचा तुकडा दुधात बुडवून झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता पातेलं ठेवलं आणि ‘रोजचं’ वर बोट टेकवलं. महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. मी मुद्रितं बाजूला ठेवली आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. मशीन जे करतं ते मी का करू शकत नाही, हे मला बघायचं होतं.

"नको," बाबा फोनला म्हणाले. तेल तापलं. कांदा पडला. शेगडीच्या पोटातला पंखा घुमत होता. मग एकाएकी त्याचा आवाज खाली आला, कांद्याची चुरचुर मंदावली. रेघ पडली होती.

बाबांनी टेबलाखालून दोन स्टुलं ओढली. एकावर बसले, दुसरं समोर ठेवलं. हे ते रोज करत असणार. मी आतल्या खोलीत असायचे. मी समोरच्या स्टुलावर बसायला गेले.

"त्यावर नको," ते चटकन म्हणाले.

मी सिंकला टेकून उभी राहिले. कांदा आवाज न करता शिजत होता.

"बाबा, इथे काय झालं होतं? दार वाजलं होतं का?"

"दार कशाला वाजेल?" ते पातेल्याकडे बघत म्हणाले. "ती बसली होती. कांदा टाकेपर्यंत उभं राहता यायचं. मग दम लागायचा. मग आच उतरवायची, म्हणजे करपायला नको, आणि इथे बसायची. म्हणायची, बोला काहीतरी, माझ्याकडे बघत बसू नका."

"मग तुम्ही काय बोलायचात?"

"लिफ्टच्या गोष्टी. दुसरं काय येतंय मला? कोण कुठे अडकलं, कसं काढलं. त्याच त्याच. नव्या कुठून आणणार, निवृत्त माणूस मी."

पंखा घुमत होता.

"शेगडीला शिकवलं ना," ते म्हणाले, "तो बरा दिवस होता. म्हणून एवढंच बसली. एरवी याहून जास्त. मी तिला म्हटलं, अगं, मधलं बसणं आलंय की त्यात. पुन्हा एकदा कर, न बसता, नीट. तर मला म्हणते, ‘अहो, न बसता उभी राहणारी बाई आणायची कुठून आता?’" ते हसले. हसणं मध्येच थांबलं. "मग म्हणाली, राहू द्या. तेवढंच तुम्हालाही बसायला होईल."

पंख्याचा आवाज चढला. बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि लसूण घातला. कांदा जळका नव्हता. मऊ, सोनेरी, चमच्याला लागताच विरघळणारा झाला होता.

मी आतल्या खोलीत गेले आणि उघड्या पानासमोर बसून राहिले. मला जी आई हवी होती ती पिशवी खांद्यावर घेऊन उभी असलेली. बाबांना हवी होती ती दम लागून समोर बसणारी. तिच्या शेवटच्या वर्षभरात मी भेटायला यायचे तेव्हा ती पलंगावर असायची आणि जेवण बाहेरून यायचं. स्टुलावरची आई मी पाहिलीच नव्हती.

महिना संपला. बाबांनी सवयीने ॲप उघडलं. पांढरा पडदा, मधोमध एक ओळ : आपल्या कृती आता उपलब्ध नाहीत. त्यांनी बोटाने ती ओळ दोन-तीनदा दाबून पाहिली, बिघडलेल्या लिफ्टचं बटण दाबावं तशी. मग फोन पालथा घातला.

"ठेव पातेलं," म्हणाले.

मी तेल घातलं. कांदा घातला. चुरचुर जोरात आल्यावर शेगडीचं बटण दाबून आच तळाला नेली. मागे स्टुलं सरकल्याचा आवाज झाला. बाबा त्यांच्या स्टुलावर बसले होते आणि दुसरं स्टूल त्यांनी पायाने माझ्याकडे ढकललं होतं.

मी बसले. मला दम लागलेला नव्हता. धडधाकट बाईने ऐन स्वयंपाकात असं हात मांडीवर ठेवून बसणं विचित्र वाटत होतं. बाबा जमिनीकडे बघत होते. आता हे काही बोलणार नाहीत, असं मला वाटलं.

"दोन शेजारी होते," ते म्हणाले. "समोरासमोर दारं. पण एकमेकांचं तोंड बघत नसत. कशावरून ते त्यांनाही आठवत नव्हतं. एके दिवशी दोघं एकाच लिफ्टमध्ये. आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद. मी पोचलो, वरून हाक मारली, किती जण आहात? तर एक म्हणतो, मी एकटाच आहे. दुसराही म्हणतो, मी एकटाच आहे."

आणि ते थांबले. पुढे बोलेनात. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत राहिले. मला कळायला जरा वेळ लागला.

"मग?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "मग काय? एकेकाला वर ओढून काढलं. दोघंही बाहेर आले, कपडे झटकले, आपापल्या दाराशी गेले. बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून एक आला की दुसऱ्यासाठी लिफ्टचं दार धरून उभा राहायचा. न बोलता. तुझी आई म्हणायची, हे खोटं आहे. तुम्ही रचलंय."

"रचलंय का?"

"शेवटचं थोडं."

मी हसले. स्वयंपाकघरात गोडसर वास भरला होता. बाबांनी नाक वर केलं.

"झाला बघ," ते म्हणाले. "ऊठ."

"थोडा वेळ बसू या ना अजून."

"करपेल." मग सावकाश म्हणाले, "एकदा बसलो होतो जास्त. मी बोलतच राहिलो. करपला सगळा. तिला उठवत नव्हतं, आणि मला वाटलं, ती ऐकतेय."

मी उठले. आच वाढवली. लसूण, गाजर, मसूर, पाणी घातलं. मीठ चिमूटभर. ते शिजेपर्यंत बाबांनी दोन्ही स्टुलं पुसून टेबलाखाली सरकवली.

जेवायला बसलो. त्यांनी पहिला चमचा घेतला, तोंड वाकडं केलं.

"अळणी," म्हणाले, आणि न बघता हात लांबवून मिठाची बरणी ओढली.

वाटी अर्धी झाल्यावर त्यांनी ती बरणी माझ्यापुढे सरकवली. मी नको म्हटलं. आई शेवटच्या वर्षी जे जेवत होती, ते मी तसंच्या तसं पहिल्यांदाच खात होते.