बाहेरचा गाडीवाला

"बाहेरच्या गाडीत बसाल तर आपापल्या जबाबदारीवर बसा," भोंग्यातून आवाज आला. "आमच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. त्यांच्यासाठी थांबत नाही. मागच्या हंगामात एक जोडपं इथंच धक्क्यावर राहिलं. सामान गेलं, औषधंसुद्धा जहाजाबरोबर गेली."

दादाच्या व्हॅनमध्ये एक पाय टाकलेल्या आजीबाईंनी तो पाय हळूच मागे घेतला.

दादाला आधी आवाज ओळखू आला, मग जहाज कंपनीची नवी कोरी टोपी दिसली आणि टोपीखाली सख्खा धाकटा भाऊ. सकाळी घरातून निघताना "जरा काम आहे" एवढंच म्हणाला होता. काम हे होतं तर.

पर्यटकांचं जहाज सकाळी धक्क्याला लागायचं, संध्याकाळी सुटायचं. कंपनीच्या बसगाड्या फाटकाच्या आत उभ्या राहत आणि पाहुण्यांना नेऊन दुकानांच्या रांगेपुढे ओतत. ज्यांना आपल्या मनानं भटकायचं असे, ते फाटकाबाहेर येत. त्यांना दादा धबधबा दाखवी, खडकांमागचा निवांत किनारा दाखवी. पण धबधबा काय, कुणीही दाखवेल. दादाचं खरं भांडवल एकच होतं: त्याच्या गाडीतला माणूस जहाज सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर. घासाघिशीत रंगलेल्या बायकांना त्यानं दुकानातून उठवून आणलं होतं. बाकीचे गाडीवाले म्हणत, हा स्वतःच्या लग्नाला उशिरा जाईल, पण जहाजाची शिडी वर घेण्याआधी हजर.

तो फाटकाच्या जाळीपाशी गेला. "कुठलं रे जोडपं?"

धाकट्यानं भोंगा बंद केला. "तसं बोलायला सांगितलंय, दादा. सगळ्या धक्क्यांवर हेच बोलतात. तुझं नाव घेतलं का मी?"

"बाहेर आज मी एकटाच उभा आहे. नाव कशाला लागतंय?"

"एका व्हॅनवर दोन संसार ओढत नाहीत. तूच म्हणायचास, काहीतरी पक्कं बघ."

"बघ म्हटलं होतं. माझ्या डोक्यावर पाय देऊन बघ, असं नव्हतं म्हटलं."

धाकटा टोपी सारखी करू लागला. ती आधीच सरळ होती.

बाबा गेले त्या दुपारी दादा चार पाहुण्यांना घेऊन धबधब्यावर होता. याच धाकट्याचा फोन आला होता, असशील तसा निघून ये. दवाखाना परतीच्या वाटेवरच होता. पण तिथं थांबलो आणि जहाज चुकलं तर, म्हणून दादा दवाखान्यावरून तशीच गाडी काढत धक्क्यावर गेला, चौघांना उतरवलं, हसून हात हलवला आणि मग मागे फिरला. तोवर बाबांच्या अंगावर चादर ओढली होती. "सारखे दाराकडे बघत होते," धाकटा म्हणाला होता. "मी सांगितलं, लोकांना पोचवून येतोय." दादानं हे बायकोलाही कधी सांगितलं नाही. त्याचा शब्द त्याला केवढ्याला पडला, ते दुनियेत एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्या माणसाच्या हातात आज भोंगा होता.

"अहो, खरंच राहिलं होतं का हो कुणी?" आजीबाईंनी मागून विचारलं.

"माझ्या गाडीतलं नाही."

"असं सगळेच म्हणणार," त्यांचे यजमान म्हणाले, पण खाली बघून.

"तुम्ही चांगलेच असाल हो," आजीबाई ओशाळल्या, "पण यांच्या गोळ्या जहाजावर आहेत."

"बरोबर आहे तुमचं. या बसनंच जा." फाटकाची खालची पट्टी उंच होती. दादानं त्यांच्या कोपराला हात देऊन त्यांना आत सोडलं.

दिवसभरात दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. तरी संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, दादा व्हॅन घेऊन धक्क्यावर आला. पाय तिकडेच वळले म्हणायचं.

बस आली नव्हती. जहाजाचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. शिडी मात्र खालीच. एक खलाशी कठड्याला रेलून रस्त्याकडे बघत होता, कुणी पाहुणं यायचं राहिलंय तसा. इतक्या हंगामांत दादानं जहाज कुणासाठी ताटकळलेलं पाहिलं नव्हतं. तो चाकावर हात ठेवून बघत राहिला.

बरंच अंधारून आल्यावर बस आली. माणसं पिशव्या सांभाळत, गप्पा मारत उतरली. कुणालाच घाई नव्हती. आजीबाई शिडी चढून गेल्या आणि मग जहाज सुटलं.

धाकटा फाटकाबाहेर आला. टोपी हातात होती.

"बघ दादा," तो म्हणाला, "थांबलं की नाही?"

"थांबलं."

कंपनीची बस आता आगारात जाणार होती आणि घर दोघांचं एकच होतं. दादानं वाकून शेजारचं दार आतून उघडून दिलं. धाकट्यानं ते दार बाहेरून लावलं आणि तो मागे, पाहुण्यांच्या सीटवर, जाऊन बसला.