तालमीतलं तिरपं पिस्तूल

मी पिस्तूल बोलतोय. लगेच दोन पावलं मागं सरू नका! मी कुणाच्या जिवावर उठणाऱ्यातला नाही. माझ्या पोटात दारू नसते, दाबून भरलेली हवा असते. त्या हवेच्या जोरावर मी शिशाची एवढीशी गोळी दहा मीटरवरच्या कागदापर्यंत पोचवतो, बस्स. खेळातलं हत्यार मी. त्यातही बुटक्या जातीचं. नळी आखूड, वजन कमी, लहान चणीच्या हातांसाठी घडवलेलं. पण बुटका असलो तरी मानी आहे, आणि माझ्यावर आलेलं बालंट कसं टळलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईनं मला लोखंडी चौकटीत घट्ट बसवलं आणि पुठ्ठ्यावर पाच गोळ्या सोडल्या. पाचही एकाच भोकातून गेल्या. बाईनं पुठ्ठ्यावर सही केली आणि तो माझ्या पेटीत ठेवून दिला. माणसाला जन्मदाखला असतो ना, तसा तो माझा.

कोल्हापूरच्या अमरसिंहनं मला विकत घेतलं. कॉलेजची तीन वर्षं तो माझ्यासोबत खेळला, बऱ्यापैकी खेळला, मग नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना पेटीसकट मला गल्लीतल्या तालमीला देऊन टाकलं. तालमीत पिस्तूल कसलं, असं कोल्हापूरबाहेरचा माणूस विचारील. इथं कुणी विचारलं नाही. खाली लाल मातीचा हौद, अंगणात गणपतीच्या मांडवाचे बांबू, आणि माडीवर पत्र्याखाली नेमबाजीची जागा, असा आमच्या तालमीचा संसार. मी आलो त्याच आठवड्यात माझा जन्मदाखला घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला गेला. टेबल स्थिर झालं. माझे दिवस मात्र तिथूनच फिरले.

तालमीचे वस्ताद बाळासो. साठी उलटलेली, कान कुस्तीत मोडलेले, आवाज असा की माडीवर बोलले तर हौदातले पैलवान डाव सोडून वर बघतात. मनानं निर्मळ माणूस. पण जन्म गेला पकडीत. समोरच्याचं मनगट एकदा हातात आलं की सोडायचं नाही, ही त्यांची विद्या. तीच त्यांनी माझ्या बाबतीत लावली.

“आवळ! ढिलं सोडू नगंस! हातातनं सुटलं की गेलं!”

आता मी काय कुणाचं मनगट आहे? पण पैलवान पोरं वस्तादांचा शब्द खाली पडू देत नसत. चाप ओढता ओढता अशी मूठ आवळायची की माझं नाक खाली आणि डावीकडं झुकायचं. गोळी बिचारी नाक असेल तिकडं जाणार. घड्याळात सातचा आकडा जिथं असतो, तिथं जाऊन बसायची. एकाची गेली, दुसऱ्याची गेली, दहाव्याची गेली. दहा जणांचं एकमत झालं म्हटल्यावर खटला निकालात निघाला.

“हे पिस्तूलच तिरपं हाय,” वस्ताद म्हणाले. तेव्हापासून माझं नाव ‘तिरपं’ पडलं. माझ्या नळीइतकं सरळ त्या अख्ख्या तालमीत काही नव्हतं, भिंतसुद्धा नव्हती. पण नाव पडलं ते पडलंच.

मग माझ्या आयुष्यात क्रांती आली. ती आमच्याच तालमीतली पैलवान. दोन वर्षांपूर्वी सरावात तिच्या गुडघ्याची दोरी तुटली आणि कुस्ती संपली. महिनाभर ती हौदाच्या कडेला नुसती बसून राहायची. एके दिवशी वस्तादांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “पाय गेला म्हणून काय झालं पोरी? हात हाईत की!”

हात होतेच. काय हात होते! लोखंडाच्या पहारीसारखा सरळ आणि मिनिटभर न थरथरणारा हात मी तोवर पाहिला नव्हता. श्वास संथ, नजर स्वच्छ. मला वाटलं, चला, आपले दिवस पालटले. तिनं पहिल्या दहा गोळ्या सोडल्या. दहाच्या दहा सातावर.

एकवीस वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं. राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. सहाशेपैकी पाचशे चाळीस गुण हवे होते, आणि तिचं गाडं पाचशे वीसवर रुतलेलं. निवडीला महिना उरला होता. एकदा माडीवर कुणी नसताना ती मला पुसत होती. पुसता पुसता एकाएकी थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “कुस्ती गेली. आता ह्यातबी न्हाय जमलं, तर मी कोण म्हणून सांगायचं लोकास्नी?” मला उत्तर येत होतं, पण मला तोंड एकच, आणि त्यातून फक्त गोळी निघते.

त्यानंतर माझ्यावर उपचार सुरू झाले. उपचार कसले, छळच तो. माझ्या मागच्या टोकाला एक खाच आहे आणि पुढच्या टोकाला माशी. खाचेतून माशी बघायची आणि नेम धरायचा. ती खाच सरकवायला दोन स्क्रू आहेत. क्रांतीनं ते फिरवून फिरवून खाच उजव्या काठाला नेऊन टेकवली. दोन दिवस गोळ्या मधोमध बसल्या, तालमीत पेढे वाटायचंच बाकी राहिलं. तिसऱ्या दिवशी वस्ताद वही घेऊन गुण मोजायला बसले, तिला धास्ती वाटली, मूठ आणखी आवळली, आणि गोळ्या आपल्या पुन्हा सातावर. दोष माझ्या अंगात असता तर स्क्रूनं कायमचा गेला असता, एवढं साधं गणित. पण तापलेल्या डोक्यात गणित शिरत नाही.

मग गोळ्यांचा डबा बदलला. मग हवेची नळकांडी काढून पुन्हा भरली. मग वस्तादांना पैलवानी औषध आठवलं. त्यांनी माझ्या नळीत तिळाचं तेल सोडलं! अंग धरलं की तेल चोळायचं, हेच ते जन्मभर करत आलेले. त्या दिवशी माझी एक गोळी सातावर गेली, एक अकरावर, आणि एक शेजारच्या कागदावर. शेवटी मंगळवारी मीठमिरची ओवाळून माझी दृष्टसुद्धा काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्या माडीला लागला, गोळी तेवढी जागची हलली नाही.

“निसारकडं न्या,” वस्ताद हात टेकून म्हणाले. “त्यानं बी न्हाय म्हटलं तर कपाटात टाका.”

निसारचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. केसाच्या जाडीचा फरक बोटानं सांगणारा माणूस. त्यानं मला हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं? काहीच नाही. नुसतं बघितलं. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला दोषी न धरता बघत होतं. मग त्यानं नळीतलं तेल पुसून काढलं, खाच पुन्हा मध्यावर आणली, सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मला बाकावरच्या शिकंज्यात धरलं, दहा मीटरवर पुठ्ठा लावला आणि एका बोटानं चाप ओढला. पाच वेळा. पाच गोळ्या, एक भोक. भोक बरोबर मधोमध.

निसार स्वतःशीच हसला. मला गळा असता तर मी त्या दिवशी आरोळी ठोकली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला घेऊन तालमीच्या माडीवर आला आणि पुठ्ठा वस्तादांच्या पुढ्यात ठेवला. “वस्ताद, ह्याचं कायबी बिघडल्यालं न्हाय. मशीन एक नंबर हाय.”

“मग गोळी सातावर का जातीया?”

“ते पिस्तुलाला न्हाय, हाताला इचारा.”

वस्तादांचे मोडके कान लाल झाले. “म्हंजे माझं शिकवणं तिरपं म्हणायचं हाय का तुला?”

“मी पिस्तुलाचं सांगितलं,” निसार शांतपणे म्हणाला. “शिकवण्याचं मला काय कळतंय?”

क्रांतीनं मला उचललं आणि रेषेवर उभी राहिली. पहिली गोळी, सात. दुसरी, सात. पुठ्ठा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्यामुळं आता माझ्यावर ढकलायची सोय उरली नव्हती. तिसऱ्या गोळीला तिचे डोळे भरून आले. मला माझ्या निर्दोषपणाचा आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगतो, झाला नाही.

तेवढ्यात जिन्यावर किटलीचा आवाज आला. क्रांतीची आई, तानाबाई. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावात त्यांच्या सहा म्हशी, तालमीतल्या पैलवानांना दूध त्यांचंच. किटली टेकवून त्या पदरानं घाम पुसत लेकीकडं बघत उभ्या राहिल्या. क्रांतीनं चौथी गोळी सोडली आणि तानाबाई मोठ्यानं म्हणाल्या, “अगं बया! त्याची धार काढाय लागलीयास व्हय तू?”

वस्ताद खो खो हसले. पोरं हसली. निसार मात्र हसला नाही. “मावशी, परत सांगा. काय बघितलंसा तुम्ही?”

“काय म्हंजे? पयलं बोट मिटलं की मागची तिन्ही मिटत्यात तिची, एकामागनं एक. सात वर्साची असल्यापास्नं म्हशीखाली बसतीया. हाताला तेच वळण पडलंय.”

क्रांतीनं मला रिकामं धरलं, गोळी न भरता, आणि नेमाकडं न बघता स्वतःच्या मुठीकडं बघत चाप ओढला. तर्जनी मिटली. तिच्यामागून मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी. करंगळी मिटली तसं माझं नाक डावीकडं खाली झुकलं. सकाळ-संध्याकाळ सहा म्हशींची धार काढणारा हात तो. त्याला दुसरं काय येणार? आणि वर वस्तादांची ‘आवळ’ची आरोळी. आगीत तेल म्हणतात ते हेच.

“तरीच,” वस्ताद म्हणाले. “हात तिचा, अन् वरडणं माझं.” मोठा माणूस, एवढं बोलला हेच खूप. माझी मात्र कुणी माफी मागितली नाही. हत्याराची माफी मागायची रीतच नाही आपल्यात.

उपाय काढला तोही तानाबाईंनीच. धार काढण्याचं काम पंधरा दिवस त्यांनी एकटीनं अंगावर घेतलं. हात बदलला म्हणून थोरल्या म्हशीनं तीन दिवस पान्हा चोरला, तेही सोसलं. आणि लेकीच्या हातात काठोकाठ दुधाचा पेला दिला. तीन बोटं आणि अंगठ्यानं पेला धरायचा, तर्जनी तेवढी मिटायची आणि उघडायची, दुधावर लाट उठता कामा नये. पहिल्या दिवशी निम्मं दूध जमिनीवर. वस्ताद बघत होते. “दुदाची नासाडी” असं काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच एक पेला घेऊन शेजारी उभे राहिले. त्यांचं तर सगळंच दूध सांडलं. मला हसू आवरेना. दहाव्या दिवशी क्रांतीच्या पेल्यातलं दूध साय धरेपर्यंत तसंच राहिलं, आणि त्या संध्याकाळी माझ्या गोळ्या बरोबर मधोमध जायला लागल्या. वस्तादांची आरोळीही बदलली. “निजव! मागची बोटं निजव!” आवाज तेवढाच मोठा, पण सल्ला बरोबर.

निवडीचा दिवस उजाडला. साठ गोळ्या मारायच्या, दहा-दहाच्या सहा फेऱ्या. चार फेऱ्या आम्ही दोघांनी अशा काढल्या की मला माझ्या जन्माचा अभिमान वाटला. नव्वदच्या खाली एकही नाही. पाचवी फेरी संपत आली तेव्हा मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली, “तालमीतली पोरगी बघा,” आणि ती क्रांतीच्या कानावर गेली. फेरीच्या शेवटच्या दोन गोळ्या सातावर गेल्या. दोन्हीला सहा-सहा गुण.

ती मला टेबलावर ठेवून रेषेच्या मागं आली. दुसऱ्या क्लबचे एक सर तिथं उभे होते. भला माणूस. हलक्या आवाजात म्हणाले, “अगं, ते तालमीतलं तिरपं आणलंयस ना? जगजाहीर आहे ते. पंचांना विचार आणि माझं घे. नवंकोरं आहे.”

मी टेबलावर पडून ऐकत होतो. राज्याच्या स्पर्धेचं दार तिच्यासमोर मिटत होतं, आणि दोष माझ्या माथी मारून मोकळं व्हायची संधी कुणीतरी आयती हातात देत होतं. इतकी माणसं मी पाहिली, ती संधी कुणी सोडली नव्हती.

“नको सर,” क्रांती म्हणाली. “पिस्तूल सरळ हाय. माझी करंगळी चुकली.”

एवढंच म्हणाली. मग हात झटकला, दोन लांब श्वास घेतले आणि मला उचललं. तिची मागची तिन्ही बोटं माझ्या मुठीवर शांत निजली होती. शेवटच्या दहा गोळ्यांत अठ्ठ्याऐंशी गुण हवे होते. तिनं एक्याण्णव मारले. फळ्यावर पाचशे त्रेचाळीस लिहिलं गेलं तेव्हा वस्ताद इतक्या मोठ्यानं ओरडले की पंचांनी त्यांना बाहेर काढलं. दारात तानाबाई उभ्या होत्या. कुणीतरी विचारलं, “तुमची कोण ही?” त्या म्हणाल्या, “लेक माझी. नेमबाज हाय.”

क्रांती आता राज्याच्या शिबिरात आहे. तिथं तिला लांब नळीचं नवं पिस्तूल मिळालंय, आणि ते मिळायलाच हवं होतं. माझ्या हवेच्या नळकांडीची मुदत गेल्या महिन्यात संपली. नियमाप्रमाणे मला आता स्पर्धेत उभं राहता येणार नाही, आणि माझ्या मापाच्या नळकांड्या बनायच्याही बंद झाल्या आहेत. माझ्यापुरता खेळ संपला.

पदकं माझ्या नशिबी आली नाहीत, त्याचं मला वाईट वाटत नाही. हरायच्या बेतात असताना, भर सभेत, समोर सोपी पळवाट असताना, ‘चूक माझी’ म्हणणारं माणूस मी इतक्या जवळून पाहिलं की त्याच्या हाताची ऊब अजून माझ्या मुठीला आहे. किती पिस्तुलांना हे लाभतं? वस्ताद, माझी एकच विनंती आहे. मला भंगारात घालू नका. कपाटातही कोंडू नका. माडीवरच्या खिळ्याला टांगून ठेवा, आणि नव्यानं येणाऱ्या पोरींना सांगा की क्रांतीनं ज्याची बाजू घेतली, ते हे पिस्तूल.