डावीकडचा आखूड दांडा

आमच्या शेजारचे ऑडिटर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठे चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही तेज चढतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ते भिंतीवरच्या सूचना तपासतात. खिशात हिरवं पेन असतंच. गल्लीने त्यांचं नाव टिकमार्क ठेवलं आहे आणि ते त्यांना माहीत आहे. नाव अचूक असल्यामुळे त्यांनी हरकत घेतलेली नाही.

जगात टिकमार्क एकाच व्यक्तीला वचकून असतात, ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. ताईने आयुष्यभर टायपिंग शिकवलं आणि आयुष्यभर एकाच सायकलवरून क्लासला गेली. डावा पाय लहानपणापासून जरा ताठ, पण सायकलवर बसली की ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. सायकलला मात्र ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. धाकट्या भावालासुद्धा नाही. टिकमार्कांनी ही तक्रार साठी उलटली तरी जपून ठेवली होती.

आता तो गुडघा फारच दुखायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, सांधा कायमचा सरळ बसवून टाकू. दुखणं थांबेल, पाय मात्र पुन्हा वाकणार नाही.

ताई म्हणाली, "बाळ, पायाची काठी व्हायच्या आत माझ्या सायकलवर एक चक्कर मारीन म्हणते."

बाळ साठीच्या पुढचा. त्याने जिन्याखालची गंजलेली सायकल उचलून आपल्या गॅलरीत नेली, वर जुनी चादर टाकली आणि जाहीर केलं, "तयार होईपर्यंत बघायचं नाही."

टिकमार्कांना सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून ते इंटरनेटवर गेले. पहिल्या ग्रुपवर फोटो टाकताच लोकांनी विचारलं, "केवढ्याला देणार?" दुसरा ग्रुप घट्ट कपडे घालून सायकलवरून डोंगर चढणाऱ्यांचा. तिथून सल्ला आला, "काका, नवीन घ्या." टिकमार्कांनी उत्तर दिलं, "सायकल बहिणीची आहे. बहीणही नवीन मिळत असली तर कळवा." त्यांना ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

तिसरा ग्रुप मात्र खरा निघाला. 'जुन्या सायकलींचा गोतावळा'. चालवणारे गृहस्थ स्वतःला ग्रीसकाका म्हणवत. फोटो चेनच्या बाजूने, उजेडात आणि सायकल भिंतीला टेकवूनच काढायचा, नाहीतर पोस्ट उडवली जाईल, असा तिथे नियम होता. तो वाचून टिकमार्कांना सासुरवाशीण माहेरी आल्यासारखं झालं.

आणि माणसं खरोखर मदतीची. कुणी सांगितलं, चुरगळलेला चंदेरी फॉईल पाण्यात बुडवून घासा, हँडल चमकेल. चमकलं. कुणी म्हणालं, अडकलेल्या पिनेवर हातोडी नको, तेल सोडा आणि दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या चुका काढा. पिन निघाली. एकाने चाक सरळ करायचा व्हिडिओ पाठवला. त्यात नुसते हात दिसत होते, पण नखांतलं काळं बघून माणूस भरवशाचा वाटला.

गोतावळ्याची एक रीत होती. सायकलवर जे जे मूळचं नाही, त्याभोवती ग्रीसकाका फोटोत लाल गोल काढून पाठवत. हिरव्या पेनाला अखेर जोडीदार मिळाला. टिकमार्कांच्या सायकलवर गोल पडले ते सीटवर, घंटीवर आणि डाव्या क्रँकवर. क्रँक म्हणजे पायडल ज्याला बसवतात तो लोखंडी दांडा. डावा दांडा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड होता आणि मध्ये वेल्डिंगची जाडजूड गाठ होती.

"कुणीतरी उद्योग करून ठेवलाय," ग्रीसकाकांनी लिहिलं. "माझ्याकडे मूळचा पडून आहे, पाठवतो."

त्याखाली 'चाकवाली' नावाच्या बाईंनी लिहिलं, "थांबा. दांडा चुकून असा होत नाही. सायकल कोण चालवायचं? आधी त्यांना विचारा."

टिकमार्कांनी फोन माझ्यापुढे धरला. "प्रत्येक ठिकाणी असतोच असा एक शंकेखोर."

"आजवर तो तुम्हीच होतात," मी म्हणालो. "विचारा की ताईंना."

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

नवा दांडा पोस्टाने आला. जुना भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. सजलेल्या सायकलच्या फोटोवर गोतावळ्याने अंगठ्यांचा पाऊस पाडला.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी गल्लीत चादर उचलली गेली. ताईने हँडलवरून हात फिरवला.

"अगं बाई! ही तर माझ्याहून तरुण झाली."

ती सीटवर बसली. उजव्या पायाने जोर दिला. डावं पायडल वर येऊ लागलं, गुडघा निम्म्यात अडला आणि सायकल कलली. टिकमार्कांनी धरली. ताईने पुन्हा जोर दिला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने ओठ घट्ट मिटले, आणि मग खालीच उतरली.

"बाळ, माझा दांडा कुठाय?"

"कुठला?"

"डावा. आखूड."

"ताई, तो मूळचा नव्हता."

"मूळचा कसा असेल? मी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा बाबांनी कापून जोडून दिला. पायडल कमी वर यायचं, म्हणून पाय फिरायचा माझा. तू पाळण्यात होतास."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"रोज तुझ्यासमोरून जायचे की रे. सांगायचं काय त्यात?" मग जरा हसून म्हणाली, "मला चिक्कू म्हणायचास ना, सायकल देत नाही म्हणून? एक दांडा लांब, एक आखूड. आपटला असतास."

टिकमार्क चपला न घालता भंगाराच्या दुकानात पळाले. ढीग उपसला. लोखंडाचा ट्रक केव्हाच भरून गेला होता. काळ्या हातांनी परत येऊन त्यांनी गोतावळ्यावर सगळं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लिहिलेलं तपासलं नाही.

ग्रीसकाकांचं उत्तर लगेच आलं. "लाल गोल माझा होता. चुकलो." चाकवालीने एवढंच विचारलं, "उंची किती त्यांची? गुडघा कुठवर वाकतो? मी बनवून पाठवते." उंची टिकमार्कांना सांगता आली. गुडघा कुठवर वाकतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"ताई, ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलू," ते म्हणाले.

"दुखतंय रे. आता नाही सोसवत मला."

मग ते म्हणाले, नुसती बैस, मी ढकलतो. ती बसली. दोन्ही पाय पायडलांपासून लांब धरलेले. टिकमार्क धापा टाकत कोपऱ्यापर्यंत ढकलत गेले. वळणावर ताईने सवयीने घंटी वाजवली. समोर कुणीही नव्हतं.

"कसं वाटलं?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"रिक्षात बसल्यासारखं," ताई म्हणाली.

चाकवालीचं पार्सल आलं तोवर ताई ऑपरेशन होऊन घरी आली होती, पाय स्टुलावर सरळ. टिकमार्कांनी तिच्यासमोर बसून नवा आखूड दांडा चढवला. दांडा धरून ठेवणारी पिन स्वतः ठोकली. गोतावळ्यावर हल्ली कुणी नवीन आलं की पहिलं उत्तर त्यांचंच असतं, सायकल कोण चालवायचं म्हणून.

ताईने वाकून जोडावरून बोट फिरवलं.

"बाबांची गाठ जाड होती."

"जाड करून आणू?"

"राहू दे," ताई म्हणाली.