पाठ केलेला तक्ता

रामिरो एस्कामिया आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला, त्या रविवारी मी मसालेभात केला होता आणि माझ्या नवऱ्याने, हृषिकेशने, कंपनीतली चार मराठी कुटुंबं मुद्दाम बोलावली होती. आपल्या मुलीचा बॉक्सिंगचा कोच एकेकाळचा जगज्जेता आहे, हे इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या झाडून सगळ्यांना कळायलाच हवं होतं. आमची वल्लरी ठोसे मारते म्हणून दोन वर्षं ज्यांनी नाकं मुरडली, तेच लोक त्या दिवशी त्याच्याबरोबर सेल्फी काढायला रांगेत उभे.

माणूस मेक्सिकोच्या उत्तरेकडचा, सोनोरातला. नवव्या वर्षापासून टोमॅटोची खोकी भरलेला. वीसेक वर्षांपूर्वी त्याला जर्मनीत आणलं ते हरण्यासाठी. इथल्या लाडक्या चॅम्पियनला एक सोपा गडी हवा होता. विजयाचा केकसुद्धा आधीच सांगून ठेवलेला. रामिरोने आठव्या राउंडला त्या लाडक्याला आडवा केला आणि जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. तीन वर्षं तो त्याने कुणाला दिला नाही.

"मग?" कुणीतरी विचारलं.

त्याने आपल्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. तो पांढुरका डोळा कुठेच बघत नव्हता.

"मार खाऊन आतला पडदा सुटत आला होता," तो तुटक जर्मनमध्ये म्हणाला. "पण प्रत्येक लढतीआधी डॉक्टर आकड्यांचा तोच तक्ता दाखवायचे. मी पाठ केला. उजव्या डोळ्याने वाचायचा, डाव्याच्या वेळी नुसता म्हणून दाखवायचा. सहा वेळा पास झालो. सहाव्या लढतीत पट्टा गेला, डोळाही गेला."

आता तो एका शाळेत हाउसमाइस्टर आहे, म्हणजे नळ-दारं दुरुस्त करतो, आणि संध्याकाळी क्लबात शिकवतो. सगळे हळहळले. मी त्याला आणखी भात वाढला. त्याला काय सांगायचं होतं ते आम्हाला कळलं नाही असं नाही. फक्त त्यातून जे घ्यायचं ते सोडून आम्ही भलतंच घेतलं.

फेब्रुवारीत सरावात वल्लरीच्या डाव्या डोळ्यावर ठोसा बसला. काळे ठिपके दिसतात, पुसट दिसतं, असं तिने आम्हाला सांगितलं, रामिरोला नाही. स्टुटगार्टच्या नेत्र-रुग्णालयात त्याच दिवशी बघितलं असतं. पण राज्य अजिंक्यपद तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिथे गेलं की खेळायला बंदी ठरलेली.

"हे बघ, एवढी मॅच होऊ दे," हृषिकेश म्हणाला. "मग लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे टेर्मिन घेऊ."

"हो," मी म्हणाले. खरं सांगते, मला माझ्या जावेला, क्षितिजाला, वल्लरीचा पदक घेतानाचा फोटो पाठवायचा होता. तिची मुलगी कथक करते आणि ती ते विसरू देत नाही.

मॅचसाठी स्पोर्ट्स डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार होतं. हृषिकेश स्वतःच्या तपासणीचं निमित्त काढून त्याच डॉक्टरकडे आधी जाऊन आला आणि भिंतीवरचा तक्ता वहीत उतरवून घेऊन आला. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना जुन्या प्रश्नपत्रिका अशाच जमवायचा, आणि त्याचा त्याला आजही अभिमान आहे.

पण वही माझ्या हातात होती. हृषिकेशवर सगळं ढकलणं सोपं आहे, म्हणून हे लिहून ठेवते. लहानपणी पाढे म्हणून घेतले, तसे मी तिच्याकडून आकडे म्हणून घेतले. ती जर्मनमध्ये म्हणायची, मी ओळीवर बोट ठेवून तपासायचे. चौथ्या दिवशी तिने सगळ्या ओळी न अडखळता म्हटल्या आणि मी तिला शाब्बास म्हणाले. डॉक्टरकडे ती अर्थातच पास झाली.

मॅचमध्ये वल्लरी गुणांनी पुढे होती. तरी समोरच्या मुलीचे उजवे ठोसे, म्हणजे तिच्या डाव्या बाजूने येणारे, तिला लागत होते, एकही चुकवता येत नव्हता. दुसऱ्या राउंडला रामिरोने टॉवेल आत फेकला. लढत संपली, वल्लरी हरली.

"तुमचं संपलं म्हणून माझ्या पोरीचं संपवता काय?" हृषिकेश भरल्या हॉलमध्ये त्याच्यावर ओरडला.

"तिचा डोळा तपासलात?" रामिरोने एवढंच विचारलं.

हृषिकेशने सर्टिफिकेट त्याच्या छातीवर आपटलं. त्याने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून वल्लरीचे ग्लोव्ह्ज सोडवत बसले. त्याच आठवड्यात हृषिकेशने क्लबला रामिरोविरुद्ध तीन पानी मेल लिहिली. वल्लरीला दुसरा कोच मिळाला.

दहा दिवसांनी नाश्त्याला, एरवी घरातही जर्मन बोलणारी वल्लरी चक्क मराठीत म्हणाली, "आई, एका बाजूने काळं येतंय." ऑपरेशन झालं. काही आठवड्यांपूर्वी आला असतात तर लेझरने भागलं असतं, असं सर्जन म्हणाल्या. आता तिला डाव्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ती सतरा वर्षांची आहे.

मी एकटीच रामिरोच्या शाळेत गेले. तो अंगणातला बाक दुरुस्त करत होता. मी त्याला सगळं सांगितलं, वहीसकट. त्याने मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"मी तक्ता एकट्याने पाठ केला होता," तो म्हणाला. "आकडे म्हणून घ्यायला माझी आई तिथे नव्हती. असती, तर तिने मला कानाला धरून घरी नेलं असतं."