जिभेखालचा उजेड

सानोबरला वाटलं होतं, तिच्या गावची, बोयसूनची माणसं मला घाबरतील. कोरियाहून परत येताना तिनं मला विमानात मांडीवर घेतलं होतं आणि त्यांची समजूत घालायची वाक्यं ती मनातल्या मनात घोकत होती. यात सुई नाही, करकरणारं काही नाही, नुसता उजेड आहे. प्रत्यक्षात मला कुणीच घाबरलं नाही. माणसं माझ्यावर भाळली, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

मी तिच्या दातांच्या दवाखान्यातला लेझर बोलतोय. पावाच्या डब्याएवढं माझं अंग, एक लांब काळी नळी आणि टोकाला पेनासारखी कांडी. जोर वाढवला की मी सुजलेली हिरडी कापतो आणि रक्त जागच्या जागी थांबवतो. जोर कमी ठेवला तर काहीच कापत नाही, दुखऱ्या जागेवर नुसता पडून राहतो. मग ठणका ओसरतो.

सोलजवळच्या एका कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जुळवलं, श्वाससुद्धा जपून घेत. सानोबर त्याच शहरात दातांची डॉक्टर झाली. तिथं तिला नोकरी मिळत होती, पण ती मैत्रिणींना म्हणायची, "आमच्याकडे दात ठणकला की लोक नुसते कण्हत बसतात गं. हे त्यांचं नशीब नाही. कुणी डॉक्टर जातच नाही तिकडे." असं बोलताना तिचे डोळे माझ्यापेक्षा जास्त चमकायचे.

बोयसूनमध्ये पहिल्याच म्हातारीनं तोंड उघडलं आणि सानोबरनं मला घाईनं बंद केलं. समोरचे सगळे दात सोन्याचे होते. त्यांच्यावरून माझा किरण उसळून भलतीकडे गेला असता. तिनं ओल्या कापसानं ते सोनं झाकायला घेतलं, तशी म्हातारी फणकारली, "अगं, लग्नात सासऱ्यानं दिलेले दात हे! ते झाकतेस होय?"

मग एक दिवस एर्गश मामा आले. सानोबरच्या आईचे थोरले भाऊ. ते बख्शी होते, दोन तारांचा दोंब्रा छेडत लग्नांमधून पहाटेपर्यंत वीरांच्या कथा गाणारे. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी कमरेची लहानशी, सुकवून पोकळ केलेली, हाताळून काळी झालेली भोपळी सोडली आणि माझ्या शेजारी ठेवली. त्या भोपळीत नस्वाय असते, तंबाखू आणि चुन्याची हिरवी भुकटी. चिमूटभर जिभेखाली धरायची, की ती झोंबत झोंबत डोक्यात चढते.

मामांच्या जिभेखाली पांढुरका चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम.

"मामा, हे कधीपासून?"

"जर्दाळू फुलले होते तेव्हापासून. शब्द बाहेर पडताना चावून जातो बघ. आज पलीकडच्या गावात लग्न आहे, तेवढं गाऊन होऊ दे."

"आधी शहरात जाऊन याचा तुकडा तपासायला हवा."

"तपासू की. लग्नसराई सरू दे. तुझा तो दिवा लाव."

"खात्री नसलेल्या जखमेवर तो लावायचा नसतो, मामा."

"वा! भाची सात समुद्रापलीकडे शिकून आली, आणि मामानं तोंड धरून परत जायचं? लोक मला नाही, तुला हसतील."

सानोबरनं भोपळी माझ्यापासून दूर सरकवली. मग म्हणाली, "फक्त आज. आणि भोपळी आजपासून बंद. कबूल?"

मामांनी छातीवर हात ठेवला.

तिनं कांडी उचलली. थोड्या वेळानं मामांनी जीभ फिरवून पाहिली, डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात एक ओळ लावली. सानोबरच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, यासाठीच तर माझा जन्म.

त्या लग्नात मामा कथेपेक्षा माझंच कौतुक जास्त गायले असावेत. दुसऱ्या दिवसापासून दारात पुरुषांची रांग. "डॉक्टरीणबाई, जरा उजेड मारा, नस्वाय फार झोंबते!" माझ्याकडून दुखणं थांबवून घ्यायचं ते नस्वाय सुखानं धरता यावी म्हणून. सानोबर नाही म्हणाली की ते हसायचे, "दिवा आहे, पण तेल वाचवते!"

मामा पुन्हा आले. चूळ भरून आले होते, तोंडाला चहाचा वास होता आणि कमरेला भोपळी नव्हती. सानोबरनं नकार दिला. त्यानंतर आले ते बहिणीला घेऊनच. "सख्खा मामा आहे तुझा," आई म्हणाली. "कळवळतोय बिचारा." मी पुन्हा पेटलो. त्या वेळी मामांनी नस्वाय सोडली नव्हती, जिभेखालून नुसती गालात नेली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पानगळ झाली, लग्नं संपली, आणि मामांच्या गळ्याला गाठ आली. सानोबर त्यांना शहरात घेऊन गेली.

काल दुपारी ते दोघं अहवाल घेऊन परतले आणि माझ्यासमोर बसले. जीभ काढावी लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काढूनही भरवसा नव्हता.

"मामा, मी सांगत होते..." तिनं अहवाल मिटला.

"हो गं. पण दुखत होतं तेव्हा आलोच होतो की तुझ्याकडे. तू थांबवलंस. मला वाटलं, संपलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ऑपरेशन करू या, मामा. मी सोबत राहते."

"जीभ देऊन बख्शी काय करणार, पोरी? टाळ्या वाजवणार?" मामा हसले. मग त्यांनी खिशातून भोपळी काढली, तिच्यादेखत झाकण उघडलं आणि चिमूट जिभेखाली धरली. तिनं अडवलं नाही. मीही तिथंच होतो, विझलेला आणि थंड.

वाचणाऱ्यांनो, तोंडातली जखम भरत नसेल तर आधी ती तपासून घ्या, मग माझ्याकडे या. ठणका थांबवणं मला येतं. तो का उठला, हे मला कधीच कळत नाही.

आज सकाळी सानोबर लवकर आली. मला वाटलं, फोडणार. तिनं माझी नळी नीट गुंडाळली, माझ्यावर कापड टाकलं आणि खणातून तोंडात बघायचा आरसा आणि साधी बॅटरी काढली.

"कुठं निघालीस?" आईनं दारातून विचारलं.

"बाजारात. नस्वायवाले बसतात तिथं. एकेकाचं तोंड बघणार. जखम दिसली की थेट शहरात न्यायचं. तपासणी होईपर्यंत उजेड कुणालाच नाही, सख्ख्यालासुद्धा नाही."

"भर बाजारात तुझ्यापुढं कोण तोंड उघडणार?"

"कुणी नाही," सानोबर म्हणाली, आणि बॅटरी लागते का ते तळहातावर उजेड पाडून पाहत पायऱ्या उतरली.