हिरवे तास

पाठीचे ब्रेस बनवणाऱ्याने तिन्ही पट्टे सोडवले, दोन्ही हातांनी ते पांढरं प्लॅस्टिकचं कवच फाकवलं आणि आत नाक घालून वास घेतला.

आईला ते विचित्र वाटलं. वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी नुकतंच जे सांगितलं होतं, ते अजून तिच्या कानांतून डोक्यात उतरत होतं. मणक्याचा बाक चव्वेचाळीस अंश. सहा महिन्यांपूर्वी सत्तावीस होते, त्याआधी सहा महिने सव्वीस. आता ऑपरेशनच्या सर्जनला दाखवून घ्या, आज दुपारीच ते येतात. "ब्रेस नियमित घालूनही काही पाठी ऐकत नाहीत," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि एकदा ब्रेस नीट बसतो का ते खाली तपासून घ्या म्हणाले होते.

लेक उंच स्टुलावर बसली होती. चौदा वर्षांची. खिडकीतून बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते ती एकटक बघत होती.

"रोज किती तास घालतेस?" ब्रेसवाल्याने विचारलं.

"एकवीस-बावीस," आईनेच उत्तर दिलं आणि फोन पुढे केला. "हे बघा ना दादा. सहा महिने एक दिवस चुकला नाही."

फोनवर हिरव्या रेघा ओळीने उभ्या होत्या. कवचाच्या आत डाव्या कुशीला शर्टाच्या बटणाएवढा सेन्सर बसवलेला होता. त्याला अंगाची ऊब लागली की तो तास मोजायचा, आणि संध्याकाळी आईच्या फोनवर हिशोब यायचा. सोळा तासांच्या वर हिरवं, खाली लाल. ब्रेस अंगावर चढला की फोन एकदा वाजायचा, वर एक टिकली हिरवी व्हायची आणि खाली अक्षरं यायची: 'ब्रेस अंगावर आहे. शाब्बास!'

ब्रेसवाल्याने फोनकडे पाहिलं. मग पुन्हा कवचाकडे.

"ताई, सहा महिने रात्रंदिवस घातलेल्या ब्रेसला वास येतो," तो म्हणाला. "कितीही धुवा, ताज्या घामाचा वास येतोच. हा तापलेल्या प्लॅस्टिकसारखा वास येतोय. आणि इथे बघा."

सेन्सरच्या आजूबाजूचं अस्तर मुठीएवढं पिवळं पडलं होतं. कडेला जरा करपल्यासारखं.

आईने लेकीकडे पाहिलं. लेक पार्किंगकडे पाहत राहिली.

"काय केलंस?"

"टेबललॅम्प," लेक म्हणाली. "कपाटात, सेन्सरजवळ."

आवाजात ना भीती, ना लाज. कुणी किती वाजले विचारावं आणि तिने सांगावं, तसं. आईला आठवलं, सहा महिन्यांत तिने तो पिवळा बल्ब दोनदा बदलून आणला होता. दुकानदाराला कौतुकाने सांगितलंही होतं की पोरगी फार अभ्यास करते.

"म्हणजे सहा महिने तू..." आईचा आवाज चढला. "आणि मी फोन बघून देवाचे आभार मानत होते! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही..."

पीळ हा शब्द तोंडातून गेला आणि तिची नजर भिंतीकडे वळली. तिथल्या उजेडाच्या पेटीत पोरीच्या पिळलेल्या मणक्याचा एक्स-रे फोटो लावलेला होता.

ब्रेसवाल्याने शेजारी जुना फोटो लावला. सहा महिन्यांपूर्वीचा. मग आईच्या फोनवर बोट फिरवत तो मागे मागे गेला. हिरव्या रेघा संपल्या आणि लाल सुरू झाल्या. चार तास. तीन. पाच. चार.

"हे पहिले सहा महिने?"

"तेव्हा घालतच नव्हती," आई म्हणाली. "समोर घालायची, पाठ वळली की काढायची. किती भांडणं झाली घरात! मामाने समजावलं, पोहणं बंद केलं, फोन काढून घेतला. तेव्हा कुठे सुधारली. म्हणजे मला वाटलं, सुधारली."

"पण तेव्हा मणका फक्त एका अंशाने हलला, ताई. तीन-चार तास घालून बाक इतका थांबत नाही." तो लेकीसमोर आला. "बाळा, आत काय घालत होतीस तेव्हा?"

लेकीने शर्टाची कड वर केली. आत बंडी होती. दुहेरी कापडाची, मध्ये पातळ स्पंज घातलेली, बारीक चौकटींची शिवण. डाव्या कुशीला आणखी एक पदर.

"हे कुणी शिवलं?"

"मी," आई म्हणाली.

तो 'मी' अभिमानानेच आला, तिचा काही इलाज नव्हता. वीस वर्षं ती दवाखान्यांचे आणि शाळांचे गणवेश शिवत आली होती. कारखान्यात नवीन पोरींना ती एकच वाक्य शिकवायची: माप खोटं बोलत नाही, कापणारा बोलतो. पहिल्या पंधरवड्यात लेकीच्या कुशीला कवच घासून जखम झाली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी बसून तिने अशा चार बंड्या शिवल्या. जखम आठवड्यात भरली.

ब्रेसवाल्याने तो जादा पदर चिमटीत धरला, जाडी पाहिली आणि हात मागे घेतला.

"मी एक पातळ बनियन म्हणून सांगितलं होतं."

"जखम झाली होती हो दादा."

"तेव्हा माझ्याकडे यायचं. मी आतून घासून दिलं असतं." तो खुर्चीत बसला. "हे मध्ये असलं तर सेन्सरपर्यंत ऊब पोचत नाही. रात्री पांघरुणात पोचली असेल थोडी. ते तीन-चार तास. बाकीचे तास तिने घातला तरी यात दिसणार नाहीत." मग तो म्हणाला, "मीही बघायला हवं होतं. कागदावर लाल दिसलं, मी पोरीला बोलावून बघितलंच नाही."

आईला तेव्हा एक संध्याकाळ आठवली. ती विसरली होती असं नाही, बाजूला ठेवली होती.

लेक जेवायला बसली होती, ब्रेस घालून, ताठ. आईच्या फोनवर टिकली लाल होती. लेक म्हणाली होती, "आई, बघ. आत्ता तुझ्यासमोर घातलाय. वाजवून बघ." आईने पाठीवर बोटं वाजवली होती. टकटक आवाज आला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण तिने फोनच्या आरशातच पाहिलं. ती म्हणाली, "मग सैल बांधतेस मुद्दाम," आणि पट्टे एकेक खाच आवळले, इतके की लेकीला पुढचा घास गिळवेना. "यंत्राला काय तुझ्याशी वैर आहे?" असंही म्हणाली. त्यानंतर आठवड्याभरात रेघा हिरव्या झाल्या. आणि हिरव्या झाल्यावर पोरीच्या पाठीवर बोटं वाजवून बघायची गरजच उरली नाही.

"मला सांगायचं होतंस," ती हळूच म्हणाली.

"सांगितलं होतं."

"पुन्हा सांगायचंस."

"पुन्हाही सांगितलं होतं." लेक पहिल्यांदा खिडकीकडून वळली. "घालत होते तेव्हा मी खोटारडी होते. काढून कपाटात ठेवला, तशी शहाणी झाले. तू मामाला फोन करून सांगितलंस, पोरगी सुधारली. मग कशाला घालायचा?"

ब्रेसवाला उगाचच टेबलावरचे पट्टे सारखे करू लागला.

सर्जनच्या दारासमोर बाकं होती. त्यांचा नंबर एकोणीस, आत बारावा चालला होता. लेक बाकाच्या एका टोकाला बसली, आई मधली जागा सोडून दुसऱ्या टोकाला. पिशवीत मावत नव्हता म्हणून ब्रेस आईच्या मांडीवर होता. तिने तो पोटाशी धरला होता आणि एक हात आत गेला होता, तिला न कळत. बोटं त्या पिवळ्या डागावरून फिरत होती. कापड जळलं तर तिला कळायचं, किती इस्त्री लागली, किती वेळ. इथे काहीच कळत नव्हतं.

"दुखेल का गं?" लेकीने विचारलं.

"भूल देतात."

"नंतर?"

नंतरचं सर्जन आत सांगतील, मणक्यात सळ्या किती, टाके किती. आयुष्यभर तिने टाके घातले होते, आणि पोरीच्या पाठीवरचे टाकेही आपणच घातल्यासारखं तिला वाटलं. माफ कर, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात दोघींच्या मधे ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजला. आईचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून लेकीने तो काढला. पाहिला. मग स्क्रीन आईकडे वळवली.

टिकली हिरवी होती. खाली अक्षरं होती: 'ब्रेस अंगावर आहे. शाब्बास!'

आईने आत पाहिलं. तिचा घामेजलेला तळवा सेन्सरवर पालथा पडलेला होता.

"बघ," लेक म्हणाली, "घातलाय म्हणतोय."

आतून तेराव्या नंबरचा पुकारा झाला. समोरच्या बाकावरचं कुणीतरी उठलं. लेकीने फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.